त्रिकोणांच्या जाळ्यात दडलेला आकार

मद्रासजवळच्या सेंट थॉमस माउंट येथे १८०२ साली विल्यम लॅम्बटन यांनी सुमारे साडेसात मैलांची आधाररेषा मोजली. त्या रेषेवर पहिला त्रिकोण उभा राहिला, त्याच्या बाजूवर दुसरा, आणि दक्षिणेतून उत्तरेकडे त्रिकोणांचे जाळे पसरत गेले. १८२३ मध्ये हिंगणघाट येथे लॅम्बटन यांचे निधन झाले. पुढे जॉर्ज एव्हरेस्ट यांनी हे काम हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेले.

जाळ्यात होते ते केवळ कोन आणि लांबी. पृथ्वीचा आकार त्यात कोठेही लिहिलेला नव्हता. तो गणिताने शोधावा लागला. भारतातील मोजमापांचा आधार घेऊन एव्हरेस्ट यांनी १८३० मध्ये पृथ्वीसाठी एक लंबगोलाभ निश्चित केला.

मात्र एक फरक उरला. कल्याणपूर आणि कलियाना ही स्थाने एकमेकांपासून सुमारे ६०० किलोमीटर दूर आहेत. त्यांच्या अक्षांशांतील अंतर ताऱ्यांच्या वेधांनी एक आले, त्रिकोणांनी दुसरे. तफावत होती ५.२३६ विकलांची, म्हणजे जमिनीवर सुमारे १६० मीटरची. एव्हरेस्ट यांनी ती मोजणीत साचलेली चूक मानून जाळ्यात वाटून टाकली.

जॉन प्रॅट यांना ते पटले नाही. हिमालयाच्या आकर्षणाने ओळंबा ढळला असावा, असे मानून त्यांनी गणित केले. उत्तर आले १५.८८५ विकला, प्रत्यक्ष फरकाच्या तिप्पट! एवढा प्रचंड पर्वत ओळंब्याला इतके कमी का ओढतो? पर्वताखाली हलक्या खडकांची खोल मुळे असावीत, असे जॉर्ज एअरी यांनी १८५५ मध्ये सुचवले. समस्थायित्वाच्या सिद्धांताचा पाया असा घातला गेला.

आज कारखान्यातील यंत्रभागाची तपासणी याच वाटेने होते. स्कॅनरने टिपलेल्या बिंदूंपासून त्रिकोणांचे जाळे तयार होते. संगणकाला त्यात ना छिद्र दिसते, ना सपाट पृष्ठ. दिसतात फक्त शिरोबिंदू आणि त्रिकोण. म्हणून प्रत्येक त्रिकोणाची लंबदिशा काढतात. शेजारच्या त्रिकोणांच्या लंबदिशा समांतर असतील, तर तेथे प्रतल असते. त्या सर्व एकाच अक्षाला काटकोनात असून त्याच्याभोवती वळत जात असतील, तर दंडगोल असण्याची शक्यता असते. मग १८०५ मध्ये लजांद्र यांनी प्रसिद्ध केलेल्या लघुतम वर्ग पद्धतीने आदर्श आकार बसवतात. भरकटलेले बिंदू निकालात ढवळाढवळ करू नयेत यासाठी १९८१ मध्ये मांडलेली रॅन्सॅक ही पद्धत उपयोगी पडते. छिद्राचा व्यास आणि अक्ष हाती येतो तो यानंतर.

तरीही काम तेथे संपत नाही. आदर्श आकार आणि प्रत्यक्ष बिंदू यांतील अंतरच छिद्राची लंबवर्तुळाकृती किंवा पृष्ठाचा बाक उघड करते. जाळे गुळगुळीत करण्याच्या घाईत ते अंतर पुसले गेले, तर सदोष भाग निर्दोष ठरतो. कल्याणपूरची तफावत जाळ्यात वाटली गेली होती. ती पुन्हा वेगळी काढून पाहिली गेली, तेव्हाच हिमालयाखालचे रहस्य उलगडू लागले.