अंमल : राज्याचा आणि अफूचा

आपल्या फूलबागेच्या आवारात गोपाळ मंदिर, मोती मशीद आणि गुरुद्वारा शेजारी शेजारी उभे आहेत. तिन्ही ठिकाणी नशेला निषेध आहे. देवासमोर शपथ घेऊन नशा सोडलेली आणि तिसऱ्या दिवशी शपथ मोडलेली माणसे मी दवाखान्यात अनेक वर्षे पाहत आलो आहे. घरचे म्हणतात, ‘याची इच्छाच नाही.’ मला हे पटत नाही. त्याची कारणे थोडी आपल्या इतिहासात आहेत आणि थोडी शरीरात.

‘अंमल’ या शब्दाला मराठीत दोन अर्थ आहेत : राज्य आणि कैफ. शिंदेशाहीत हे दोन्ही अर्थ एकत्र नांदले. 1810 साली दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या पायथ्याशी लष्कराचा तळ दिला. त्या तळाबरोबर आलेली घराणी आपल्यात आजही आहेत. दौलतीचा सुपीक मुलूख मात्र माळव्यात होता. उज्जैन, मंदसौर, नीमचच्या काळ्या जमिनीत अफू पिके आणि तिचा सारा खजिन्यात येई. बंगालची अफू कंपनीच्या मक्त्यात होती, माळव्याची नव्हती. व्यापारी ती पाली-कराचीमार्गे पोर्तुगीजांच्या दमणला व तेथून चीनला नेत. 1843 साली इंग्रजांनी सिंध घेतला आणि ती वाट बंद झाली. मग मुंबईचा रस्ता उरला, आणि तेथे परवान्याची फी भरावी लागे. 1835 साली पेटीमागे 125 रुपये असलेली फी 1847 साली 400 झाली. या व्यापारात मारवाडी-गुजराती सावकार होते, त्यांत आम्हा जैनांचेही पूर्वज होते. आमच्या सप्तव्यसनांत मद्य आहे, अफूचे नाव वेगळे घेतलेले नाही. ही सोय कोणाच्या पथ्यावर पडली, हे मी आमच्याच लोकांना विचारत असतो.

जे चीनला जाई, त्यातले काही घरीही राही. सोयरीक जुळली की कसुंबा फिरे. रडणाऱ्या तान्ह्याला बाळगोळी मिळे. मुंबईच्या गिरणीत जाणाऱ्या बाया पाळी संपेपर्यंत मूल निजावे म्हणून तीच देत. तेव्हा याला कोणी व्यसन म्हणत नव्हते. संस्कृतात ‘व्यसन’ म्हणजे संकट. संकटात सापडलेल्याला आपण दोषी कधी ठरवू लागलो, याचा विचार व्हावा.

चीनशी 1907 साली करार होऊन 1913 मध्ये तिकडची निर्यात थांबली. देशातील खाणारे मात्र उरले. स्वतंत्र भारताने 1949 साली ठरवले, की औषधाखेरीज अफू दहा वर्षांत बंद करायची, तीही दरवर्षी एक दशांश पुरवठा कमी करत. मार्च 1959 मध्ये ही मुदत संपली. पुढे ज्यांना वैद्यकीय कारणाने ती लागतच होती, त्यांची नोंद करून परवाने दिले. सवय एका दिवसात तुटत नाही, हे सरकारलाही उमगले होते.

आता तिसऱ्या दिवसाकडे येऊ. अफू किंवा तिच्यापासून बनलेली हेरॉइन बंद केली, की आठ-बारा तासांत जांभया, नाक गळणे, मग पोटात कळा, जुलाब, हातपाय ओढणे सुरू होते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्रास शिगेला पोहोचतो आणि साधारण आठवड्यात ओसरतो. शपथ मोडते ती याच वेळी. काही दिवस थांबून पुन्हा जुन्याच मापाने घेतली, तर जीव जाऊ शकतो, कारण शरीराची सहनशक्ती तोवर उतरलेली असते.

दारूचे प्रकरण आणखी धोक्याचे. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम सोडली, तर पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, पुढे भ्रम होतो आणि मृत्यूही संभवतो. अशा माणसाला खोलीत कोंडू नका, इस्पितळात न्या. मी होमिओपॅथीचा डॉक्टर आहे. ‘ओपियम’ नावाचे औषध आमच्याही पेटीत असते. तरीही हात कापणाऱ्या पेशंटला मी आधी इस्पितळातच पाठवतो.

अफूच्या गटासाठी ब्युप्रेनॉर्फिन, मेथाडोन ही औषधे देखरेखीखाली दिली जातात. काहींना ती दीर्घकाळ लागतात. ती ‘दुसरी नशा’ म्हणून मध्येच बंद करू नका. औषधानंतरचे काम सोबतीचे. 1986 साली पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी पु. ल. देशपांड्यांच्या मदतीने ‘मुक्तांगण’ उभे केले. बरे झालेले रुग्ण नव्यांना हात देतात, ही तेथील रीत. 1985 च्या अंमली पदार्थ कायद्यातही पुढे तरतूद झाली, की नशा करणारा वा थोडीशी बाळगणारा स्वेच्छेने मान्य केंद्रात उपचार घेत असेल, तर त्या गुन्ह्यासाठी खटल्यातून त्याला सूट मिळते. सरकारची 14446 ही मोफत हेल्पलाइनही आहे.

लग्नाच्या याद्या होईपर्यंत मुलाचे पिणे झाकणारी घरे आपल्यात आहेत. मुलगी सासरी गेल्यावर ते उघड होते. तेव्हा माझ्याकडे येतात, रात्री, दवाखाना बंद व्हायच्या वेळी. त्यांना एवढेच सांगतो, दिवसा या, आणि त्यालाही बरोबर आणा.