पॉवर अँटेना तुटला : नुसती दांडी बदलायची की अख्खा संच?

रेडिओ सुरू केला की मडगार्डमधून सरसर वर येणारी आणि बंद केला की पुन्हा आत जाणारी चकचकीत दांडी म्हणजे पॉवर अँटेना. १९८० आणि १९९० च्या दशकांतल्या अनेक महागड्या गाड्यांत तो कंपनीकडूनच बसवलेला येत असे. मर्सिडीजची डब्ल्यू १२४ मालिका (हीच ई-क्लास १९९५ पासून पुण्यातही तयार होऊ लागली), लेक्सस एलएस ४०० आणि माझदाची पहिल्या पिढीची एमएक्स-५ ही त्यातली ओळखीची नावं. याशिवाय बाजारातून आणून कोणत्याही गाडीला लावता येणारे ऑटो अँटेनाही मिळायचे.

अशी गाडी आज हौसेने सांभाळणाऱ्याला कधी ना कधी हा प्रश्न येतोच : दांडी वाकली, अर्ध्यात अडकली किंवा तुटली. गॅरेजमध्ये बहुधा दोनपैकी एक उत्तर मिळतं. एक तर 'अख्खा सेट बदलावा लागेल', नाही तर 'काढून टाकू आणि भोकाला बूच बसवू'. पण बऱ्याच वेळा मोटर धडधाकट असते आणि फक्त दांडी किंवा तिची दोरी गेलेली असते. ती वेगळी मिळते, संचापेक्षा बरीच स्वस्त पडते आणि घरच्या घरी बदलता येते.

आत नेमकं काय असतं?

दांडी म्हणजे एकात एक सरकणाऱ्या धातूच्या नळ्या. सगळ्यांत बारीक नळीच्या खालच्या टोकाला नायलॉनची लांब, दातेरी दोरी जोडलेली असते. ही दोरी खाली एका गोल डब्यात गुंडाळलेली असते आणि तिच्या दातांत मोटरचं चक्र अडकतं. चक्र एका दिशेने फिरलं की दोरी वर ढकलली जाते आणि दांडी उघडते. उलट फिरलं की दोरी ओढली जाते आणि नळ्या मिटतात. दोरी थोडी ताठ असते ती त्यामुळेच. सुतळीने काही ढकलता येत नाही.

पूर्ण उघडलेल्या दांडीची लांबी साधारण पाऊण मीटर असण्यामागे कारण आहे. एफएम केंद्रं ८८ ते १०८ मेगाहर्ट्झमध्ये असतात. १०० मेगाहर्ट्झला तरंगलांबी ३ मीटर भरते आणि तिचा चौथा भाग, म्हणजे ७५ सेंटिमीटर, उभ्या अँटेनासाठी सोयीचा असतो. मध्यम लहरींचं गणित वेगळं आहे. आकाशवाणी पुण्याच्या ७९२ किलोहर्ट्झची तरंगलांबी सुमारे ३७९ मीटर. तिथे कोणताही कार अँटेना आखूडच पडतो, म्हणून जितकी दांडी वर तितकं बरं. अर्ध्यात अडकलेल्या दांडीवर शहरातलं एफएम बऱ्यापैकी लागतं आणि मध्यम लहरींवर खरखर येते, ती यामुळे.

आधी कान लावा

इंजिन बंद ठेवून रेडिओ चालू करा आणि अँटेनाजवळ उभं राहून ऐका. मोटर गुणगुणते आणि 'कट-कट' आवाज येत राहतो, पण दांडी हलत नाही : दोरीचे दात झिजलेत किंवा दोरी तुटली आहे. मोटर कण्हल्यासारखी होते आणि दांडी थोडी सरकून थांबते : नळी वाकली आहे किंवा घाण साचली आहे. काहीच आवाज नाही : फ्यूज, रिले, वायर किंवा खुद्द मोटर. पहिल्या दोन बाबतींत नवी दांडी पुरते. तिसऱ्यात ती आणून काही उपयोग नाही.

दोरी तुटलेली असताना रेडिओ लावत राहू नये. काही गाड्यांत मोटरला थांबण्याची खूणच मिळत नाही, ती फिरत राहते, तापते आणि बॅटरीही खाते. दुरुस्तीपर्यंत अँटेनाचा प्लग काढून ठेवणं उत्तम. फ्यूज काढणार असाल तर त्याच फ्यूजवर आणखी काय चालतं ते आधी पाहा.

दांडी विकत घेताना गाडीचं मॉडेल, वर्ष आणि मूळ संचावर छापलेला क्रमांक सांगा. डब्ल्यू १२४ मध्ये बहुधा हिर्शमन या जर्मन कंपनीचा संच असतो. 'सगळ्यांना बसते' म्हणून मिळणारी दांडी टाळलेली बरी. दोरीची जाडी आणि दातांमधलं अंतर जरा जरी वेगळं असलं तरी ती चक्रात बसत नाही. कुर्ल्याचा सीएसटी रोड किंवा पुण्याचा जुना बाजार इथे वापरलेला संच मिळू शकतो, पण तो १२ व्होल्टवर चालवून पाहिल्याशिवाय घेऊ नका.

दांडी बदलताना

दोन माणसं लागतात : एक सीटवर, एक अँटेनापाशी. मडगार्डच्या रंगावर चरे पडू नयेत म्हणून भोवती जाड कापड किंवा चिकटपट्टी लावा. दांडीच्या बुडाशी असलेला नट सोडवा. त्याला बऱ्याचदा साध्या पान्याची पकड नसते, खाचा असतात. टोकदार सर्क्लिप पक्कडीने तो फिरतो. नट निघाला की सीटवरच्या माणसाने रेडिओ चालू करायचा. मोटर दोरी बाहेर ढकलेल आणि तुम्ही दांडी हलक्या हाताने सरळ वर घ्यायची. झटका देऊन ओढू नका. निघताना दोरीचे दात कोणत्या बाजूला आहेत ते लक्षात ठेवा, मोबाईलवर फोटो काढलात तर आणखी चांगलं.

आता घाई न करता जुनी आणि नवी दोरी शेजारी ठेवून मोजा. सगळ्यांत जास्त गोंधळ होतो तो इथे. जुनी आखूड असेल तर उरलेला तुकडा अजून डब्यात आहे, आणि त्यावर नवी दोरी घातली तर दोन्ही गुंततात. कधी कधी रेडिओ दोनतीनदा चालू-बंद केल्यावर तुकडा वर येतो आणि चिमट्याने धरता येतो. नाही आला तर संच काढावाच लागतो : डिकीचं अस्तर किंवा मडगार्डच्या आतलं आवरण सोडवायचं, प्लग व अँटेनाची केबल काढायची, डब्याचं झाकण उघडून तुकडे वेचायचे. झाकण उघडताना आतल्या वॉशर आणि स्प्रिंगचा क्रम बिघडू देऊ नका. जुन्या दांडीच्या बुडाची पितळी बाही नळीत राहून गेली नाही ना, हेही पाहा. नवीबरोबर तीच बाही आलेली असते.

नळी रिकामी असल्याची खात्री झाली की नवी दोरी, दात पूर्वीच्याच दिशेला ठेवून, आत सोडा. चक्राला टेकल्याचं हाताला कळतं. मग रेडिओ बंद करायचा. मोटर उलटी फिरून दोरी आत ओढू लागेल. तुम्ही दांडी उभी धरून तिला वाट द्यायची. पकडली नाही तर दोरी किंचित फिरवून पुन्हा चालू-बंद करा. दांडी पूर्ण आत गेल्यावर बाही बसवा, नट हाताने लावा, दोन वेळा वर-खाली करून पाहा आणि मगच नट घट्ट करा.

मोटरच गेली असेल तर

मल्टिमीटर घेऊन प्लगवर तीन गोष्टी तपासा : कायमचा १२ व्होल्ट पुरवठा, रेडिओ चालू केल्यावर इशाऱ्याच्या वायरीवर येणारे १२ व्होल्ट आणि बॉडीशी असलेलं अर्थिंग. तिन्ही असून मोटर गप्प असेल तर दोष संचातच आहे. गाडीत नंतर नवा स्टिरिओ बसवला असेल तर मात्र आधी त्याच्या मागे बघा. सहसा निळी वायर अँटेनाची आणि निळी-पांढरी अॅम्प्लिफायरची असते. ही वायर रिलेला इशारा देण्यापुरती असते. तिच्यावर थेट मोटर जोडली तर स्टिरिओ जळू शकतो.

संच बदलण्यासाठी बॅटरीची तार काढणार असाल तर थांबा. त्या काळातल्या अनेक मूळ रेडिओंना चोरीविरुद्ध कोड असतो. वीज तुटली की रेडिओ कोड मागतो, आणि तो जवळ नसेल तर चालू रेडिओ मुका होतो. कोड गाडीच्या कागदपत्रांत किंवा कार्डावर असतो. आधी शोधा, मग तार काढा.

नवा संच बसवताना मडगार्डच्या आतला गंज घासून काढा. अर्थिंग कच्चं राहिलं तर इंजिनची घरघर रेडिओत येते. संचाच्या तळाला पाणी बाहेर नेणारी एक रबरी नळी असते. ती मोकळी हवी. कोकण, गोवा, मुंबईच्या पावसात ही नळी तुंबली की पाणी मोटरमध्ये साचतं आणि मोटर आतून गंजते.

निगा फार लागत नाही. गाडी धुण्याआधी रेडिओ बंद करून दांडी आत जाऊ द्या. महिन्यातून एकदा ती वर काढून कोरड्या फडक्याने पुसा, शिलाई मशीनच्या तेलाचा पातळ हात फिरवा आणि तेही पुसून घ्या. ग्रीस लावू नका. धूळ चिकटते आणि पुढच्या वेळी तीच आत ओढली जाते.