कलेची स्फूर्ति आणि आपली भूमि

ज्युबिलीचें वर्ष म्हणजे ईश्वराच्या उपकारांचा हिशेब मांडण्याचें वर्ष होय. अशा प्रसंगीं आपण गुरुजनांचे श्रम आठवतों, आणि ज्या वाडवडिलांनीं पोटाला चिमटा घेऊन दान दिलें त्यांचें पुण्यस्मरण करतों. परंतु ज्या गवंड्यानें भिंत उभारली, ज्या सुतारानें वेदीचें लाकूड तासलें, ज्या चिताऱ्यानें पवित्र मातेची प्रतिमा रंगविली, त्यांची आठवण सहसा कोणी काढीत नाहीं. त्यांनीं आपली कल्पना कोठून घेतली, हा प्रश्न तर त्याहून क्वचित् विचारला जातो. वास्तविक हा प्रश्न क्षुल्लक नव्हे. परमेश्वर आपल्या दाराशीं आपलासा होऊन आला कीं परका पाहुणा होऊन आला, याचें उत्तर उपदेशाच्या आधीं पुष्कळदां मंदिराची भिंतच देऊन टाकते. म्हणून या विषयाचा इतिहास थोडक्यांत वाचकांपुढें ठेवण्याचा येथें विचार आहे.

प्रथम हें लक्षांत ठेविलें पाहिजे कीं, ख्रिस्तसभेची कला आकाशांतून तयार होऊन पडली नाहीं. छळाच्या काळांत रोम शहराबाहेरील भुयारी दफनस्थानांत पहिल्या ख्रिस्ती लोकांनीं जीं चित्रें काढलीं, त्यांत खांद्यावर मेंढरूं घेतलेला उत्तम मेंढपाळ वारंवार दिसतो. ही आकृति त्यांनीं नव्यानें निर्माण केली नव्हती. ग्रीक व रोमन शिल्पांत ती पूर्वींपासूनच रूढ होती. त्यांनीं ती घेतली आणि प्रभूच्या वचनाचा अर्थ तींत भरला. पुढें चौथ्या शतकांत सम्राट कॉन्स्टंटाइनच्या कारकीर्दींत धर्मास मोकळीक मिळाली, तेव्हां उपासनेसाठीं मोठ्या इमारतींची गरज पडली. त्या वेळीं रोमन दैवतांच्या देवळाचा नमुना त्यांच्या उपयोगाचा नव्हता, कारण त्या देवळाच्या आंत समुदायास जागा नसे. त्यांनीं न्यायनिवाड्याच्या व व्यवहाराच्या सभागृहाचा, म्हणजे बॅसिलिकेचा, नमुना उचलला. मध्यें लांब दालन, दोहों बाजूंस खांबांच्या ओळी, टोंकास अर्धवर्तुळाकार कोनाडा. जेथें पूर्वीं न्यायाधीश बसत असे, तेथें आतां वेदी आली.

पवित्र सभेच्या धुरीणांनींहि हीच दृष्टि ठेविली. थोर पोप संत ग्रेगरी यांनीं ज्यांस अक्षर येत नाहीं त्यांचें पुस्तक म्हणजे चित्र, असें मानून चित्रें फोडणाऱ्या एका बिशपास दोष दिला, आणि इ. स. ६०१ मध्यें इंग्लंडांतील धर्मप्रसारकांना त्यांनीं कळविलें कीं, तेथील जुनीं देवळें पाडूं नयेत. मूर्ति काढाव्या व वास्तु शुद्ध करून उपयोगांत आणाव्या. पुढें इ. स. १६५९ मध्यें रोमच्या धर्मप्रसार-मंडळानें आशियांत निघालेल्या मिशनऱ्यांस स्पष्ट ताकीद दिली कीं, श्रद्धा न्यावी, आपला देश नेऊं नये. लोकांच्या ज्या चालीरीति धर्माला व नीतीला उघड विरुद्ध नाहींत, त्या बदलण्याचा आग्रह धरूं नये. ही आज्ञा सर्वत्र पाळली गेली असें मात्र इतिहास सांगत नाहीं.

आतां आपल्या वऱ्हाडाकडे वळूं. वरवट बकालच्या उत्तरेस सातपुड्याची रांग आहे. दक्षिणेस पूर्णेचें खोरें ओलांडलें कीं अजिंठ्याच्या डोंगराचा चढ लागतो. या दोन डोंगरांमधील पट्ट्यांत दगड थोडा आणि माती फार. म्हणून येथील जुनें घर मातीचें व धाब्याचें, आणि गढी पांढऱ्या मातीची. वर घाटांत मात्र काळा पाषाण मुबलक. तेथें कारागिरानें पाषाणासच बोलतें केलें. लोणारचें दैत्यसूदनाचें मंदिर आपल्याच जिल्ह्यांत आहे. त्याच्या बाह्य भिंतींवरील मूर्तींच्या ओळी पाहतांना, सकाळ-सायंकाळच्या तिरप्या उन्हांत सावली कशी पडेल याचा विचार करूनच शिल्पकारानें छिन्नी चालविली असावी, असें वाटल्यावांचून राहत नाहीं. जें द्रव्य हाताशीं आहे, त्याचा स्वभाव ओळखून त्यांतूनच सौंदर्य काढावें, हा पहिला धडा आपल्या भूमीनें आपणांस शिकविला आहे.

दुसरा धडा अजिंठ्याचा. वाघोरा नदीच्या नालाकृति वळणावर कड्यांत कोरलेलीं सुमारें तीस लेणीं इसवी सनापूर्वीं दुसऱ्या शतकापासून सनाच्या पांचव्या शतकापर्यंतच्या काळांत निर्माण झालीं. त्यांतील चैत्यगृहांत शिरणारा कॅथोलिक मनुष्य क्षणभर थबकतो. मध्यें दालन, दोहों बाजूंस खांब, टोंकास अर्धवर्तुळ, जणूं बॅसिलिकाच! रोमन गवंड्यानें व दख्खनच्या पाथरवटानें एकमेकांस कधीं पाहिलें नसेल. परंतु समुदायानें एकत्र जमून एका पवित्र स्थानाकडे तोंड करावें, ही गरज दोघांपुढेंहि होती, आणि एकाच गरजेंतून सारखाच आकार उपजला. या लेण्यांच्या छताला दगडाच्या कमानदार फासळ्या कोरल्या आहेत. दगडी छताला त्यांची कांहींच गरज नाहीं. त्या लांकडी बांधकामाची आठवण म्हणून आल्या. पाथरवटानें सुताराला गुरु केलें, असेंच म्हणावें लागेल.

चित्रांची रीतिहि अशीच बोधप्रद आहे. खडबडीत भिंतीवर माती, भाताचा तूस व वनस्पतींचे तंतू यांचा गिलावा देत. त्यावर चुन्याचा पातळ हात फिरवून मग रंग भरीत. तांबडा व पिवळा रंग गेरूचा, हिरवा मातीचा, काळा काजळीचा. हे सारे रंग मातीचे व चुलीचे. केवळ निळा रंग तेवढा परदेशच्या लाजवर्दी दगडाचा, आणि तो आज ज्यास अफगाणिस्तान म्हणतात त्या मुलखांतून येई. म्हणजे अजिंठ्याच्या चिताऱ्यानें घरचें सोडलें नाहीं आणि दूरचें नाकारलेंहि नाहीं. आपल्या घरच्या बायका ज्या गेरूनें व शेणामातीनें भिंत सारवीत आल्या, त्याच कुळांतली ही कला आहे.

इ. स. १८१९ मध्यें शिकारीस निघालेल्या जॉन स्मिथ नांवाच्या इंग्रज अंमलदाराच्या दृष्टीस हीं लेणीं पडलीं, आणि मग त्यांच्या नकला करण्याचा मोठा उद्योग सुरू झाला. मेजर रॉबर्ट गिल यांनीं इ. स. १८४४ पासून वर्षानुवर्षें तेथें राहून मोठमोठ्या प्रतिकृति तयार केल्या, इ. स. १८६६ मध्यें लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागून त्यांतील बहुतेक जळाल्या. गिल यांची कबर भुसावळास आहे. त्यांच्यामागून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनीं आपल्या विद्यार्थ्यांसह इ. स. १८७२ ते १८८५ या काळांत पुन्हां प्रतिकृति केल्या. त्यांतल्याहि पुष्कळ इ. स. १८८५ मध्यें लंडनांतच आगीच्या भक्ष्यस्थानीं पडल्या. दोनदां राख झाली, पण काम फुकट गेलें नाहीं. इ. स. १९०९ ते १९११ च्या हिवाळ्यांत लेडी हेरिंगहॅम यांनीं तिसऱ्यानें हें काम हातीं घेतलें, तेव्हां त्यांच्या साहाय्यास बंगालचे कांहीं तरुण चित्रकार आले. त्यांपैकीं एक नंदलाल बोस. अजिंठ्याची रेषा त्यांच्या हातांत मुरली, आणि पुढें शांतिनिकेतनच्या कलाभवनाचे प्रमुख झाल्यावर ती त्यांच्या शिष्यांकडे गेली.

त्या शिष्यांत एक गोव्याचा कॅथोलिक तरुण होता. अँजेलो द फोन्सेका यांचा जन्म इ. स. १९०२ मध्यें गोव्यांतील सांतु इस्तेव्ह बेटावर झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत कांहीं काळ काढून ते शांतिनिकेतनास गेले आणि अवनींद्रनाथ ठाकूर व नंदलाल बोस यांच्यापाशीं शिकले. तेथून परतल्यावर त्यांनीं साडी नेसलेली पवित्र मरिया आणि भारतीय वेषांतील संत रंगविण्यास आरंभ केला. मंद, धुतल्यासारखे जलरंग, खालीं झुकलेले नेत्र, शांत हस्तमुद्रा. ज्यांनीं त्यांचें कौतुक करावयाचें, त्या स्वकीयांनाच तें रुचलें नाहीं. गोव्यांत विरोध झाला आणि चित्रकार पुण्यास आला. तेथील ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमानें त्यांस आसरा दिला, आणि इ. स. १९६७ च्या डिसेंबरांत मृत्यु येईपर्यंत पुणें हेंच त्यांचें कर्मस्थान राहिलें. हा आश्रम कॅथोलिकांनीं नव्हे, अँग्लिकन पंथीयांनीं स्थापिलेला. आपल्या घरच्या दिव्याला शेजाऱ्याच्या कोनाड्यांत जागा शोधावी लागली, ही गोष्ट ज्युबिलीच्या आनंदांतहि विसरण्याजोगी नाहीं.

त्यांच्यावर मुख्य आक्षेप असा कीं, पवित्र माता यहुदी कुळांतली. तिला साडी नेसविणें म्हणजे इतिहासाचा विपर्यास होय. हा आक्षेप प्रामाणिक आहे, म्हणून त्यास उत्तर दिलें पाहिजे. इटालियन चित्रकारांनीं तिला इटालियन वस्त्रें नेसविलीं, फ्लेमिश चित्रकारांनीं तिला आपल्याकडील थंड प्रदेशांतल्या घरांत बसविलें. त्यांस कोणीं इतिहासाचे अपराधी ठरविलें नाहीं. मग हा नियम सातासमुद्रापलीकडे एक आणि आपल्या दारांत दुसरा कां असावा? भक्त चित्राकडे पाहतो तो पुरातन वस्त्रांचा अभ्यास करण्यासाठीं नव्हे. आईचें मुख ओळखण्यासाठीं पाहतो.

शिवाय, ज्या गोव्यानें फोन्सेकांस दूर केलें, त्याच गोव्याच्या जुन्या मंदिरांत स्थानिक हातांचा ठसा पदोपदीं आढळतो. इमारतींचे आराखडे युरोपचे; पण दगड तेथलाच जांभा, आणि खिडक्यांना कांचेऐवजीं शिंपल्यांच्या पापुद्र्यांचीं तावदानें. कांहीं व्यासपीठांच्या तळाशीं तर नागकन्येसारख्या आकृति भार वाहतांना दिसतात. उलट पक्षीं मंगेशी व शांतादुर्गा यांच्या देवळांत घुमट, कमानी व मजल्यांच्या दीपमाळा दिसतात, त्यांत ख्रिस्तमंदिरांच्या बांधणीचा प्रभाव उघड आहे. गवंडी तेच, ओळंबा तोच; एका अंगणांतलें दुसऱ्या अंगणांत सहज गेलें. आणि शब्दकलेंत तर फादर थॉमस स्टीफन्स यांनीं सर्वांच्या आधींच मार्ग दाखविला. इ. स. १५७९ मध्यें गोव्यास आलेल्या या इंग्रज येशूसंघीय गुरूनें प्रभूची कथा मराठी ओवींत रचली. इ. स. १६१६ मध्यें रायतूर येथें छापलेलें त्यांचें ख्रिस्तपुराण दहा हजारांहून अधिक ओव्यांचें आहे. मराठी संतांनीं घडविलेलें पात्र त्यांनीं भक्तीनें हातीं घेतलें आणि त्यांत सुवार्तेचें अमृत ओतलें. जें कवीला शोभलें, तें चिताऱ्याला कां शोभूं नये?

मुंबईच्या सेंट झेवियर कॉलेजांतील स्पॅनिश इतिहाससंशोधक फादर हेन्री हेरास यांस हें पटलें होतें. इ. स. १९२६ मध्यें भारतीय इतिहास-संशोधनाची संस्था स्थापणाऱ्या या गुरूनें भारतीय पद्धतीच्या ख्रिस्ती कलेस उत्तेजन दिलें आणि फोन्सेकांची पाठ थोपटली. अखेरीस इ. स. १९६३ मध्यें दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें जाहीर केलें कीं, ख्रिस्तसभेनें कोणतीहि एकच कलापद्धति आपली म्हणून राखून ठेविलेली नाहीं; सर्व काळांच्या व सर्व देशांच्या कलेस तिच्या मंदिरांत योग्य आदरानें स्थान आहे. फोन्सेकांच्या हयातींतच हें घडलें. आज त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह गोव्यांतील झेवियर इतिहास-संशोधन केंद्रांत जतन केला आहे. ज्या भूमीनें परतविलें, तिनेंच शेवटीं पदराखालीं घेतलें.

तथापि येथें एक सावधगिरी हवी. स्फूर्ति घेणें निराळें आणि नक्कल करणें निराळें. युरोपांतील मंदिराची सिमेंटची लहान प्रतिकृति जितकी निर्जीव, तितकीच देवळाच्या शिखराची उसनी प्रतिकृतिहि निर्जीव. पहिल्या ख्रिस्ती लोकांनीं मेंढपाळाची आकृति घेतली, पण तिचा अर्थ पालटला. बॅसिलिका घेतली, पण न्यायासनाच्या जागीं वेदी मांडली. श्रद्धा हीच ती कसोटी होय. शेजाऱ्याला जें पूज्य आहे त्याचा अवमान न करतां, आणि आपल्या श्रद्धेचा एक कणहि न सोडतां, जो आकार भक्तीस साहाय्य करील तो घ्यावा.

आपल्यापाशीं अजिंठ्याएवढें द्रव्य नाहीं, नंदलालांसारखे गुरु नाहींत. हें खरें आहे. परंतु आपल्यापाशीं सारवलेली भिंत आहे, दारापुढची रांगोळी आहे, बुरुडाची वीण आहे, कुंभाराची पणती आहे, पोळ्याला बैलाच्या शिंगांवर रंग चढविणारा हात आहे. नाताळचा गोठा मांडतांना हे हात कामास लावावे. बेथलेहेमचा गोठा वऱ्हाडी शेतकऱ्यास समजावून सांगावा लागत नाहीं. तो त्याच्या घरामागें उभाच असतो. एकदां मुलांना घेऊन लोणारास व अजिंठ्यास जावें, आणि त्यांना सांगावें कीं, ज्या मातीनें हें निर्मिलें ती माती तुमचीहि आहे.

ज्या परमेश्वरानें मातीपासून मनुष्य घडविला, त्याच्या गौरवार्थ आपल्या गांवच्या मातीनेंहि कांहीं घडवावें, आणि येणाऱ्या पिढीच्या ज्युबिलीस तें उभें असावें, हीच त्याच्या चरणीं नम्र प्रार्थना.