प्राड्विवाक आणि पंच

आमचा मुखेड परिसर एके काळी कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात होता. त्यांतील सहावा विक्रमादित्य (इ. स. १०७६ ते ११२६) याच्या राजवटीत विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर 'मिताक्षरा' ही टीका रचिली. राजास स्वतः न्यायदानास बसणे अशक्य झाल्यास त्याने प्राड्विवाक नेमावा, असे तीत सांगितले आहे. वादी-प्रतिवादींस प्रश्न विचारणे व सभ्यांसह विचार करणे, हे त्याचे काम त्या नावातच आले आहे. सभ्यांनी स्नेहाने, लोभाने वा भयाने विपरीत निर्णय दिल्यास हरणाऱ्याच्या दंडाच्या दुप्पट दंड, तोही प्रत्येकास वेगळा!

परंतु आम्हांस विशेष वाटते ती न्यायासनांची उतरंड. सर्वांत वर राजाने नेमलेले अधिकारी. त्यांच्याखाली पूग, म्हणजे एका गावी राहणारे नाना जातींचे लोक. मग तांबोळी, विणकर, चर्मकार अशा एकेका धंद्यावर जगणाऱ्यांच्या श्रेणी. आणि तळाशी कुल, म्हणजे भाऊबंद व सोयरे. खाली समाधान न झाल्यास वर दाद मागता येई; वरचा निर्णय खालच्यांस फिरविता येत नसे.

पंचांचा शब्द अखेरचा, ही पूर्वापार चाल आहे, असे आपल्या बैठकींतून पुष्कळदा ऐकू येते. त्यापायी काही घरे वाळीत पडली, हे आपण जाणतोच. महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा कायदा परंपरेविरुद्ध आहे, असे म्हणणारेही भेटतात. त्यांनी मिताक्षरेचा व्यवहाराध्याय अवश्य उघडावा. भाऊबंदांच्या निवाड्यावर दाद मागण्याची वाट त्यात नऊशे वर्षांपूर्वीच लिहून ठेविली आहे.