चाकांवरची भट्टी



टेक्सासच्या हायवेवर पिकअपच्या मागे जोडलेलं काळं, लांबुळकं पिंप तुम्ही पाहिलं असेल. एका टोकाला धुराडं, दुसऱ्या टोकाला आगीची पेटी. हाच तो स्मोकर. कधी कुणाच्या अंगणात गंजत, विकायला काढलेलाही दिसतो. तो भंगारात जाऊ देण्याआधी त्याची कुळकथा ऐका.

मूळची भट्टी म्हणजे जमिनीत खणलेला चर. खाली निखारे, वर मांस. दक्षिणेत रात्रभर जागून ही आग राखायचं काम मुख्यतः गुलाम कृष्णवर्णीयांकडे असे. विद्या त्यांच्या हातात वाढली, मेजवानीचं श्रेय मात्र मालकाला. पुढे मध्य टेक्सासात जर्मन आणि चेक खाटकांनी न खपलेलं मांस धुरावर शिजवून विकायला सुरुवात केली. लॉकहार्टचं क्राइट्स मार्केट १९०० सालचं.

मग चर चाकांवर कसा चढला? तेलामुळे! तेलविहिरींचे जाड पोलादी पाइप आणि वेल्डिंग जाणणारे हात, दोन्हींची तिथे रेलचेल. पाइप कापून दार केलं, बाजूला पेटी जोडली. आग एकीकडे, मांस दुसरीकडे, मधून वाहतो तो फक्त धूर आणि गरम हवा. १९७४ साली ह्यूस्टनच्या रोडिओबरोबर बार्बेक्यूची स्पर्धा सुरू झाली. स्पर्धेला जायचं तर भट्टीही सोबत हवीच.

आता डागडुजी. आधी पेटीचा तळ पाहा. ओलसर राखेने पोलाद तिथेच आधी खातं. वरवरचा गंज म्हणजे आपल्या बिडाच्या तव्याचीच गोष्ट: तारेच्या ब्रशने घासायचं, मोठा जाळ करून जुनी चरबी जाळायची, तेलाचा हात फिरवून पुन्हा तापवायचं. रस्त्यावर काढण्याआधी टायर, बेअरिंग आणि दिवे तपासा. दोन गोष्टी मात्र करू नका. प्रोपेनची जुनी टाकी घरी कापू नका. रिकामी वाटली तरी आत उरलेल्या वायूचा स्फोट होतो. आणि आत जस्ताचा मुलामा दिलेली जाळी घालू नका. फार तापली की विषारी वाफ सोडते.

शिजवताना २२५ ते २५० फॅरनहाइट पुरे. ब्रिस्केटला दहा-बारा तास सहज लागतात. मध्येच, आतलं तापमान साधारण १६० ला पोचलं की काटा तासन् तास हलत नाही, कारण मांसातलं पाणी उडताना ते थंड होत असतं. तेव्हा घाबरून जाळ वाढवू नका. बीफ न खाणाऱ्यांनी कोंबडी लावावी, भरताची वांगी लावावीत. धुराला सोवळंओवळं नाही!

अलिबागकडची पोपटी आठवा. मडक्यात वालाच्या शेंगा, भांबुर्ड्याचा पाला, भोवती जाळ. ती कुणी पुस्तकातून शिकत नाही, शेजारी बसून शिकतो. इथली भट्टीही तशीच. म्हणूनच जुना स्मोकर घ्याल तेव्हा विकणाऱ्याला नुसती किंमत विचारू नका. कुणी बनवला, आग कशी राखायची, हेही विचारून घ्या. पोलाद पुन्हा मिळेल, ही माहिती सांगणारा माणूस मिळेलच असं नाही.