साळिंदर आणि आमचे अंगण

सरकारी नोकरीच्या फेऱ्यात आम्ही जयपुरास आलो आणि सीतापुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीलगत बिऱ्हाड केले. मागील अंगणात रताळ्याचे वेल लावले, आणि मातोश्रींनी साताऱ्याहून अखेरच्या खेपेस आणलेले निशिगंधाचे कंदही तेथेच लावले. एका सकाळी पाहतो तो वाफा उकरलेला, रताळी अर्धवट कुरतडलेली, कंदांपैकी दोनच शिल्लक! खड्ड्याच्या कडेला काळापांढरा काटा पडलेला होता. माळी म्हणाला, “सेही है, साहब.” सेही म्हणजे आपले साळिंदर.

त्या काट्याने आम्हांस एकदम मागे नेले. आश्वलायन गृह्यसूत्रात सीमंतोन्नयनाचा विधी सांगितला आहे. त्यात पतीने गर्भवती पत्नीचा भांग ज्या वस्तूंनी पाडावयाचा, त्यांत तीन पांढऱ्या खुणा असलेला साळिंदराचा काटाही आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात पंचनखी प्राण्यांपैकी भक्ष्य कोणते ते सांगताना श्वाविध आणि शल्यक ही नावे येतात. रामायणात मरणोन्मुख वालीही रामास अशीच यादी ऐकवितो. श्वाविध म्हणजे कुत्र्यास विंधणारा.  एकीकडे मंगलकार्यात काटा, दुसरीकडे पानात मांस. आपल्या पूर्वजांचा या प्राण्याशी असा दुहेरी संबंध होता. साळिंदर काटे फेकून मारते, ही समजूत मात्र खोटी आहे. ते काटे फुलवून शत्रूवर पाठमोरे धावते, आणि सैल काटे शत्रूच्या अंगात रुततात.

ते अंगण का उकरते? ते उंदराच्या वर्गातील, निशाचर आणि बिळात राहणारे आहे. मुळे, कंद, साली हे त्याचे अन्न. अरवलीच्या पायथ्याचे माळ जाऊन तेथे कारखाने व बंगले उभे राहिले. त्या कोरड्या मुलखात आम्ही रोज पाणी घालून माती भुसभुशीत केली आणि तीत गोड कंद पुरले. दोष कोणाचा, हे वाचकांनीच ठरवावे! अमेरिकेतील आमचे आप्त रॅकूनच्या नावाने असेच बोटे मोडतात. पण त्यास हिरवळीखालच्या हुमणीसारख्या अळ्या हव्या असतात. ज्या जर्मनीत हा प्राणी मुळी नव्हता, तेथे 1934 साली माणसांनीच तो हेस प्रांतात सोडला व पुढे देशभर पसरला.

एका स्नेह्याने पिठात विष कालवून ठेवण्याचा सल्ला दिला. सौ.नी तो ऐकताच उठून आत गेल्या; त्यांच्या ओटीभरणाच्या वेळी सासूबाईंनी असाच एक काटा जपून ठेवलेला होता. शिवाय 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने साळिंदराच्या शिकारीस बंदी आहे, आणि केंद्र सरकारच्या नोकराने कायदा मोडावा हे बरे नव्हे. विष कुत्र्यामांजरांच्याही पोटात जाते, ते वेगळेच.

अखेर माळ्याच्या सांगण्यावरून वाफ्याभोवती जाड तारेची जाळी दीड फूट खोल पुरली व तिची खालची कड बाहेर वळविली, कारण साळिंदर कुंपणाच्या मुळाशीच उकरू लागते. गळलेली फळे संध्याकाळीच उचलू लागलो. पाणी सायंकाळऐवजी सकाळी घातले. रात्री माती कोरडी, कठीण राहते. दिवा लावून पाहिला, त्याचा उपयोग चार दिवसांपुरताच झाला.

जाळीच्या बाहेर नख्यांच्या खुणा अजूनही दिसतात. आत दोन कंद होते, त्यांचे आता पाच झाले आहेत.