न्हावा शेवा, २७ जून २०१७: गेट थांबण्याआधी

(सर्व वेळा भारतीय.)

२०१६. मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीच्या संगणक विभागातले लोक सुरक्षेची फेरआखणी सुचवतात. मंजुरी मिळते, पैसाही मिळतो. पण वरिष्ठांचा बोनस ज्या उद्दिष्टांवर ठरतो, त्यांत हे काम नाही. ते मागे पडतं.

१४ मार्च २०१७. विंडोजमधली एक भेग बुजवणारा पॅच मायक्रोसॉफ्ट देते. १४ एप्रिलला त्याच भेगेतून शिरणारं हत्यार, इटर्नलब्लू, चव्हाट्यावर येतं. १२ मेला वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस त्याच वाटेने जगभर पसरतो. इशारा यापेक्षा मोठ्याने देता येत नाही.

२२ जून. युक्रेनमधल्या एम.ई.डॉक या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं अपडेट येतं, आत चोरवाट. एप्रिल-मेमध्येही आली होती. मर्स्कच्या ओडेसा कार्यालयात हे सॉफ्टवेअर एका संगणकावर आहे.

मंगळवार, २७ जून, दुपारी २.४४. एम.ई.डॉकच्या सर्व्हरवर येणारे संदेश हल्लेखोर स्वतःकडे वळवतात. इकडे द्रोणागिरी नोडच्या यार्डांतून न्हावा शेवाच्या जेएनपीटी बंदराकडे ट्रेलर रोजच्यासारखे चालू.

दुपारी ४ च्या सुमारास. एम.ई.डॉकचा अपडेटर एक आज्ञा चालवतो, नॉटपेट्या हा विध्वंसक व्हायरस सुटतो. इटर्नलब्लूची वाट त्यालाही येते; शिवाय एका यंत्राच्या मेमरीतून पासवर्ड उचलून तो पुढच्या यंत्रात शिरतो. मग पॅच लावलेलं यंत्रही सुटत नाही. थोड्या वेळाने रीस्टार्ट. पडद्यावर डिस्क तपासणी दिसते, खाली फाइलींची सूची कुलूपबंद होत असते. शेवटी ३०० डॉलरची मागणी. पैसे भरून उपयोग नव्हता. कुलपाची किल्ली कुणाकडेच नव्हती.

मर्स्कचे सुमारे १५० डोमेन कंट्रोलर, म्हणजे कोणाला कुठे प्रवेश हे ठरवणारे सर्व्हर, एकमेकांशी सतत जुळवून घेत. एक गेला तर बाकीचे आहेत, हाच भरवसा. सगळे एकदम जातील हे कोणी धरलं नव्हतं. सॅन, म्हणजे सर्व्हरांची सामायिक साठवण, सांभाळणाऱ्याला हा सापळा ठाऊक असतो. दोन ॲरेंमधलं, म्हणजे डिस्कसंचांमधलं, रेप्लिकेशन एका ॲरेच्या बिघाडातून तारतं. जोडलेल्या सगळ्याच प्रतींवर घाव आला तर नेटवर्कपासून तोडून ठेवलेली प्रतच लागते. इतर सर्व्हरांचे बॅकअप होते. डोमेन कंट्रोलरचा नव्हता.

सायंकाळी ६.०३. एम.ई.डॉकचा सर्व्हर पूर्ववत. उशीर झालेला. कोपनहेगनच्या मुख्यालयात माणसं खोल्याखोल्यांत धावून यंत्रं बंद करायला सांगत होती. जगभरचं जाळं सुटं करायला दोन तासांहून जास्त लागले.

जेएनपीटीत गेटवे टर्मिनल्स इंडियाची यंत्रणा बंद पडते. मर्स्क समूहातली एपीएम टर्मिनल्स आणि कॉनकॉर यांची ही संयुक्त कंपनी, तेव्हाची क्षमता वर्षाला १८ लाख टीईयू (वीस फुटी कंटेनर). कोणता कंटेनर कुठे, कोणत्या जहाजाचा, हे सांगणारंच काही उरत नाही. हाताने काम करण्याची धडपड सुरू होते.

२८ जून. येणाऱ्या-जाणाऱ्या कंटेनरांची कोंडी होईल, असं नौवहन मंत्रालय सांगतं. अडकलेल्या मालासाठी पार्किंगची जागा शोधली जाते. एपीएमची ७६ पैकी १७ टर्मिनलं त्या दिवसांत याच अवस्थेत.

एकच डोमेन कंट्रोलर वाचला, घानातला. हल्ल्याआधी तिथली वीज गेली होती. त्याच्या आधाराने मर्स्कने दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे केले.